एचबीएवनसी, फेरिटिन आणि फुप्फुसांचा रक्तदाब: माझी साखर नेमकी किती?

एचबीएवनसी ६.३ टक्के, उपाशीपोटी साखर ९६, जेवणानंतर दोन तासांनी १२४. पल्मनरी हायपरटेन्शनच्या संशयावरून उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन (शिरेतून नळी घालून आतला दाब मोजणं, थोडक्यात कॅथ) करण्याआधी माझ्या रक्ताच्या ढीगभर तपासण्या झाल्या, त्यातले हे तीन आकडे. त्या ढिगात हृदयावरचा ताण दाखवणारं एनटी-प्रोबीएनपी १३४० होतं, म्हणून साखरेकडे सुरुवातीला कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण ६.३ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १३४. उपाशीपोटी शंभरच्या आत आणि जेवणानंतर १२४ असेल, तर सरासरी १३४ येणार कुठून? हा प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने विचारला. ती डॉक्टर नाही, हिशेब तपासण्याचं काम करते. आणि या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला बराच काळ लागला.

आधी आजाराबद्दल थोडं. पल्मनरी हायपरटेन्शन म्हणजे हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला वाढलेला दाब. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा. माझा तो कायम व्यवस्थित असायचा, म्हणूनच धाप लागण्याचं कारण कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही. जिना चढताना छाती भरून यायची, संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसायची, खाली वाकून काही उचललं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. हिमोग्लोबिन कमी आहे, वजन वाढलंय, ताण आहे, अशी एकेक कारणं पुढे आली. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा उजवा कप्पा मोठा झालेला दिसला, आणि झडपेतून उलट जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ३.९ मीटर निघाला. हा वेग २.८ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात.

इथेच साखर पहिल्यांदा चर्चेत आली, आणि तीही वेगळ्याच वाटेने. पल्मनरी हायपरटेन्शनचे पाच गट आहेत. पहिल्या गटात फुप्फुसांतल्या बारीक धमन्याच अरुंद होतात. दुसऱ्यात मूळ बिघाड हृदयाच्या डाव्या बाजूला असतो आणि दाब मागे साचत फुप्फुसांपर्यंत येतो. तिसरा गट फुप्फुसांच्या आजारांचा आणि ऑक्सिजनच्या कमतरतेचा, चौथा धमन्यांत राहून गेलेल्या गुठळ्यांचा, पाचवा इतर गुंतागुंतीच्या कारणांचा. जगभर सर्वांत जास्त रुग्ण दुसऱ्या गटातले. मधुमेह, जास्त वजन आणि उच्च रक्तदाब असलेल्यांचं डावं हृदय ताठर होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे माझा ६.३ चा आकडा पाहून इको करणारे डॉक्टर म्हणाले, "शुगर बॉर्डरला आहे, वजनही थोडं जास्त आहे. हे डाव्या बाजूचंच असेल असं वाटतंय."

हा अंदाज वरवरचा नव्हता, तर्काला धरून होता. पण त्यावर थांबता येत नव्हतं, कारण गट बदलला की उपचार बदलतात. पहिल्या गटातली धमन्या सैल करणारी औषधं दुसऱ्या गटाच्या रुग्णाला सहसा उपयोगी पडत नाहीत. उलट फुप्फुसांत पाणी साचून त्रास वाढू शकतो. म्हणजे साखरेच्या एका आकड्यामुळे माझं निदान भलत्या दिशेला जाण्याची शक्यता होती. त्याचा निकाल फक्त कॅथ लावू शकत होतं.

उजव्या हृदयाच्या कॅथची मला फार भीती वाटत होती. ती वाटते तेवढी भयंकर गोष्ट नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मानेच्या उजव्या बाजूला भूल देण्याचं इंजेक्शन दिलं, तेवढंच काय ते टोचलं. मी पूर्ण जागी होते. शिरेतून एक बारीक नळी आत जाते, तिच्या टोकाला छोटा फुगा असतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर तो फुगाच नळीला उजव्या कप्प्यातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत घेऊन जातो. आत गेल्यावर काहीच जाणवत नाही; मध्ये एक-दोनदा धडधड चुकल्यासारखं झालं तेवढंच. पडद्यावर लाटा उमटत होत्या आणि टेक्निशियन मोठ्याने आकडे सांगत होता. धमनीतला सरासरी दाब ४८. आरामात असताना तो २० च्या वर असला की पल्मनरी हायपरटेन्शन धरतात. पूर्वी ही रेषा २५ ला होती, २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती खाली आणली. मग फुगा फुगवून नळी एका फांदीत अडकवली आणि पलीकडचा, म्हणजे डाव्या बाजूचा, दाब मोजला. याला वेज म्हणतात. तो १० आला. १५ पर्यंत असेल तर डावी बाजू निर्दोष धरतात. हृदयातून मिनिटाला ३.८ लिटर रक्त बाहेर पडत होतं, त्यावरून धमन्यांचा अडथळा १० वुड युनिट निघाला. दोनच्या वर असू नये.

त्या आकड्यांनी डाव्या बाजूचा संशय मिटला. पुढे फुप्फुसांचं स्कॅन करून जुन्या गुठळ्या नाहीत हे पाहिलं, संधिवाताशी निगडित तपासण्याही झाल्या, आणि पहिल्या गटातला, कारण न सापडणारा प्रकार असं निदान पक्कं झालं. टॅडॅलाफिल आणि अँब्रिसेंटन अशी दोन औषधं सुरू झाली, सोबत लघवीची गोळी.

साखरेचा प्रश्न मात्र तसाच होता. बाहेर एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून लगेच साखरेची गोळी लिहून दिली. ती सुरू करण्याआधी मी पल्मनरी हायपरटेन्शन बघणाऱ्या माझ्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमचं लोह कुणी मोजलंय का?"

मोजलेलं नव्हतं. हिमोग्लोबिन १०.९ होतं, तांबड्या पेशी आकाराने लहान होत्या, हे साध्या रिपोर्टमध्येच छापलेलं होतं. साठ्यातलं लोह दाखवणारं फेरिटिन केलं, ते ११ निघालं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ९ टक्के. म्हणजे साठ्यातलं लोह जवळजवळ संपलेलं.

एचबीएवनसी म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट समजलं. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत राहते आणि पेशी मरेपर्यंत ती तशीच राहते. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण पेशींचं सरासरी वय सगळ्यांत सारखंच आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं. डॉक्टर म्हणाले, "कपाटात जुनी पुस्तकं जास्त असतील तर धूळही जास्त दिसणार. त्यावरून खोलीत धूळ वाढली असं म्हणता येत नाही." लोहाच्या कमतरतेत साखर तेवढीच असूनही एचबीएवनसी वर सरकतं. उलट, रक्त चढवलं असेल, पेशी लवकर फुटत असतील, किंवा लोहाचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर ते खोटं कमी येतं.

पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये लोहाची कमतरता वारंवार आढळते, त्यामुळे आमच्यासाठी हा मुद्दा किरकोळ नाही. या आजारात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असू शकतं आणि ते आतड्यातून लोह शोषू देत नाही. त्यात मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर भर पडते. अँब्रिसेंटनच्या गटातली औषधं स्वतःच हिमोग्लोबिन थोडं खाली आणतात. मला तर वाटतं, या आजाराच्या रुग्णाचा एचबीएवनसी रिपोर्ट फेरिटिनशिवाय वाचूच नये. साखरेचं कोणतंही औषध सुरू करण्याआधी हा एक प्रश्न विचारायला काहीच लागत नाही.

लोहाच्या गोळ्यांनी फेरिटिन फारसं हललं नाही, म्हणून शिरेतून लोह दिलं. सलाईनसारखं, आडवं पडून. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की याने फुप्फुसांचा दाब उतरेल अशी आशा धरू नका. थकवा कमी होईल आणि रक्ताच्या तपासण्या खऱ्या बोलू लागतील, एवढ्यासाठी हे करतोय. थकवा खरंच कमी झाला. आणि पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ५.४ आलं.

घरात आनंदीआनंद झाला. औषधाचा एक कणही न घेता शुगर गेली, असं सगळे म्हणू लागले. बहीण तेवढी गप्प होती. तिने विचारलं, "ताई, आता सगळ्या पेशी नव्या आहेत ना?" अगदी तेच कारण होतं. लोह मिळाल्यावर अस्थिमज्जेने भराभर नव्या पेशी सोडल्या, त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळाला नव्हता. आधीचं ६.३ जितकं फसवं, तितकंच हे ५.४ फसवं. डॉक्टरांनी फाइलमध्ये त्या आकड्याभोवती गोल केला आणि "विश्वास ठेवू नये" असं लिहिलं.

मग दुसरे मार्ग पाहिले. फ्रुक्टोसामाइन ही तपासणी रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. तिला तांबड्या पेशींशी देणंघेणं नाही. पण उजवं हृदय कमकुवत झालं की यकृतात रक्त तुंबतं, आतड्यातूनही प्रथिनं वाया जाऊ शकतात, अल्ब्युमिन घसरतं आणि मग ही तपासणीही खोटी कमी येते. माझं अल्ब्युमिन व्यवस्थित होतं म्हणून फ्रुक्टोसामाइन ग्राह्य धरलं. ते मर्यादेच्या आत, पण वरच्या टोकाला होतं.

घरच्या ग्लुकोमीटरनेही मी मोजत होते. त्याची एक खोच सांगायला हवी. माझी बोटं बऱ्याचदा गार असतात, ऑक्सिमीटरसुद्धा ती लवकर वाचत नाही. बोटांत रक्तपुरवठा कमी असला की ग्लुकोमीटरचा आकडा भरवशाचा राहत नाही. शिवाय रक्त पातळ असेल, म्हणजे तांबड्या पेशी कमी असतील, तर बरेच मीटर साखर जास्त दाखवतात. रक्त घट्ट असेल, जसं जन्मजात हृदयदोषामुळे निळे पडणाऱ्या रुग्णांत असतं, तर कमी दाखवतात. कोमट पाण्यात हात धरून, पुसून, कोरडे करून मगच टोचायचं हे मला परिचारिकेने शिकवलं, आणि औषध ठरवायचं असेल तेव्हा शिरेतल्या रक्ताचाच आकडा धरायचा हेही.

शेवटी ग्लुकोज टॉलरन्स चाचणी ठरली. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी रक्त द्यायचं, मग पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या वेळात चालायचं नाही, एका जागी बसून राहायचं. हे आमच्यासाठी कटकटीचं आहे, कारण सकाळी लघवीची गोळी घेतलेली असते आणि दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. म्हणून डॉक्टरांना विचारून मी त्या दिवशी ती गोळी चाचणीनंतर घेतली. फुप्फुसांच्या दाबाची औषधं मात्र ठरल्या वेळीच. ग्लुकोज प्यायल्यावर मळमळलं, तोंडाला कोरड पडली, पण द्रवपदार्थाची मर्यादा असल्याने वरून पाणी किती प्यायचं तेही आधी विचारून ठेवलं होतं.

उपाशीपोटी ९८. दोन तासांनी १६३.

१४० ते १९९ या पट्ट्यात आलं की ग्लुकोज पेलण्याची क्षमता कमी झाली असं म्हणतात. २०० आणि वर असेल तर मधुमेह. उपाशीपोटीच्या रक्तातच इन्शुलिन मोजलं होतं, ते १४. उपाशीपोटीची साखर आणि हे इन्शुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की इन्शुलिनला शरीर किती दाद देत नाही याचा अंदाज येतो. माझा आकडा सुमारे ३.४ आला, म्हणजे जास्तच. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, १७२ आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४१, दोन्हींचं गुणोत्तर चारच्या वर. उपाशीपोटीची साखर शंभरच्या आत ठेवण्यासाठी माझं शरीर नेहमीपेक्षा जास्त इन्शुलिन खर्च करत होतं, आणि एकदम भार पडला की ते कमी पडत होतं. साखरेचा दोष होता. फक्त ६.३ ने तो फुगवून दाखवला आणि ५.४ ने झाकून टाकला.

यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांकडून समजून घेतलं. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांचं हेच गुणोत्तर वापरून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की फुप्फुसांच्या धमनीचा उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांत इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतं. त्यानंतर मधुमेहाचं निदान न झालेल्या रुग्णांत एचबीएवनसी मोजून पाहिलं, तेव्हा अनेकांत ते वाढलेलं निघालं. २०१२ मध्ये एका जर्मन गटाला वाढलेलं एचबीएवनसी आणि कमी जगण्याची शक्यता यांत संबंध आढळला. पुढे २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात भर साखरेपेक्षा चरबीच्या चयापचयातल्या बिघाडावर होता. या सगळ्यांतून संबंध दिसतो. साखर उतरवली की फुप्फुसांचा दाब उतरतो, असं यातून सिद्ध होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "शुगर कंट्रोल करा, आजार बरा होईल" असं सांगणारी माणसं भेटतात, आणि घाबरलेल्या रुग्णाला ते ऐकायला फार गोड वाटतं. फुप्फुसांच्या दाबाची औषधं त्यामुळे एक दिवसही मागे पडू नयेत.

उजव्या कप्प्याबद्दल कळलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. निरोगी हृदय इंधन म्हणून मुख्यतः चरबी वापरतं. दाबाविरुद्ध झगडणारा उजवा कप्पा ग्लुकोजकडे वळतो. पेट स्कॅनमध्ये तो कप्पा ग्लुकोज जास्त ओढून घेताना चक्क उजळलेला दिसतो. म्हणजे आमच्या आजारात साखर ही बाजूची तक्रार नाही, ती हृदयाच्या रोजच्या इंधनाशी जोडलेली आहे.

गोळीचा निर्णय याच टप्प्यावर झाला. साखरेची कोणती औषधं आमच्या औषधांशी जमत नाहीत, हे प्रत्येकाला माहीत असावं. अँब्रिसेंटनच्याच गटातलं बोसेंटन घेणाऱ्याला ग्लिबेनक्लामाइड ही साखरेची गोळी देत नाहीत, यकृताला धोका होतो. पायोग्लिटाझोनच्या गटामुळे अंगात पाणी साचतं, ते सूज असलेल्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसाला नको. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या लघवीच्या गोळीसोबत घेतल्या तर शरीरातलं पाणी नको इतकं कमी होऊ शकतं, म्हणून डोस जुळवावे लागतात. लघवीच्या गोळ्यांपैकी थायझाइड गट साखर वाढवतो, आणि पोटॅशियम घसरलं की इन्शुलिन स्रवणंही मंदावतं. माझं पोटॅशियम त्यामुळेच दर वेळी पाहतात. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीचा आमच्या आजारात उपयोग होतो का, यावर आशेने संशोधन चालू आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वीस रुग्णांना आठ आठवडे ते दिलं आणि उजव्या कप्प्याचं काम थोडं सुधारलेलं दिसलं. पण वीस जणांवरून फार पुढचं बोलता येत नाही. मूत्रपिंड नीट चालत नसेल किंवा ऑक्सिजन फार कमी असेल तर मेटफॉर्मिनची जोखीमही असते. माझ्या डॉक्टरांनी ते हाताशी ठेवलं, सुरू केलं नाही.

त्याऐवजी आहारतज्ज्ञांबरोबर बसून दोन याद्या एकत्र केल्या. हृदयासाठी मीठ आणि पाणी मोजून, साखरेसाठी पिष्टमय पदार्थ मोजून. वेगवेगळ्या मिळालेल्या या याद्या एकमेकींना छेद देत होत्या. पाणी कमी म्हणून तहान लागली की गोड गोळी चघळ, असा सल्ला मला एकीकडे मिळाला होता. तो गेला, त्याच्या जागी बर्फाचा तुकडा आला. जेवणानंतर सपाट जागी, बोलता येईल इतक्या संथ चालीने चालणं सुरू केलं, तेही आधी देखरेखीखाली चालून ऑक्सिजन किती उतरतो ते पाहून. वजन उचलणं, श्वास कोंडून जोर लावणं बंद.

चक्कर आली तर काय समजायचं, हाही प्रश्न होता. घरचे लगेच साखर तोंडात घालायला धावायचे. मी साखर उतरवणारं काहीच घेत नाही, त्यामुळे माझी चक्कर साखर उतरल्याची असण्याची शक्यता कमी. श्रमाने किंवा दाबाने आलेली असण्याची जास्त. आता आधी मला आडवं करतात, मग ऑक्सिजन, नाडी आणि साखर तिन्ही मोजतात, आणि शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय.

लोह स्थिर होऊन पुरेसा काळ गेल्यावर, फेरिटिन आणि हिमोग्लोबिन दोन्ही जागेवर असताना, एचबीएवनसी पुन्हा केलं. ५.९. ग्लुकोज चाचणीत दोन तासांचा आकडा १४८. या वेळी पहिल्यांदाच दोन्ही तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या: मधुमेह नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे, आणि थोडी सुधारणा आहे. एनटी-प्रोबीएनपी २६० वर आलंय आणि सहा मिनिटांच्या चालण्यात मी ३५० मीटरवरून ४४८ वर गेले. ही सुधारणा मुख्यतः फुप्फुसांच्या दाबाच्या औषधांची आहे.

पुढच्या वेळी कॅथ पुन्हा व्हायचं आहे. त्याच्या तपासण्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी एचबीएवनसीच्या शेजारी, त्याच ओळीत, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि अल्ब्युमिन लिहिलंय. खाली एक सूचनाही: मधल्या काळात लोह किंवा रक्त दिलं असल्यास तारीख नोंदवणे.